कथेवाले आरपीजी, त्यातली लग्नं आणि आपल्याकडे अजून न मिळालेला हक्क

गंगावेश

मंडळी, कोल्हापुरात आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम) खेळणारे आपण बरेच आहोत. पण गाठ पडली की बोलणं ग्राफिक्स कार्ड आणि सेलच्या किमतींवरच संपतं, गोष्टीवर बोलायचं राहून जातं. म्हणून हा धागा. गोष्टीवर बोलायचं तर त्याला चिकटून आलेला दुसरा विषयही मांडतो: समलिंगी जोडप्यांना लग्नाचा कायदेशीर हक्क असावा का? माझं उत्तर हो आहे, आणि त्यात या गेम्सचा मोठा वाटा आहे.

(पुढच्या परिच्छेदात कथा फुटते. 'बाल्डर्स गेट ३' खेळायचा राहिला असेल त्यांनी तो सोडून वाचा.)

दुसरा अंक. सगळा मुलूख शापाच्या काळोखात बुडालेला, आणि एका सरायीभोवती तेवढं उजेडाचं कवच. ते कवच धरून ठेवलंय इझोबेलनं. तिचा बाप केथेरिक थॉर्म हा शत्रूचा सेनापती, आणि तो मरत नाही, कारण त्यानं एका स्त्रीला शतकभर कोंडून ठेवलंय आणि तिच्या अमरत्वावर जगतोय. ती स्त्री डेम एलिन, इझोबेलची प्रेयसी. आपण तिथं पोचतो तेव्हा आपली सोबतीण शॅडोहार्ट भाला उगारून उभी असते. आपण काय बोलतो, किंवा काहीच बोलत नाही, यावर एलिन जगणार की मरणार ते ठरतं. सुटली तर त्या दोघी सरायीत पुन्हा भेटतात. सिनेमात हे बघून आपण हळहळतो आणि उठतो. इथं ती भेट आपल्यामुळं झालेली असते, किंवा आपल्यामुळं कायमची हुकलेली असते. आरपीजीची ताकद मला इथं दिसते. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आपल्या बोटाखाली आला की 'मला काय त्याचं' म्हणता येत नाही.

आता सालं बघा. 'फॉलआउट २' आला १९९८ साली. त्यात मोडॉक गावात ग्रिशम खाटकाच्या मुलाशी किंवा मुलीशी सूत जुळलं की बाप बंदूक घेऊन दारात, आणि लग्न लावूनच सोडतो. आपलं पात्र पुरुष असो की बाई, लग्न लागतंच. त्या साली जगातल्या एकाही देशात समलिंगी लग्न कायदेशीर नव्हतं. पहिला देश नेदरलँड्स, १ एप्रिल २००१. दुसरा बेल्जियम, २००३. 'बाल्डर्स गेट ३' करणारी लॅरियन कंपनी तिथल्याच गेंट शहरातली. कॅनडात कायदा झाला २००५ मध्ये, 'ड्रॅगन एज' आणि 'मास इफेक्ट' करणारी बायोवेअर तिथली.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं, आणि ९ जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या. कायद्यातलं जाणणाऱ्यांनी त्यावर लिहावं. विरोधात मत असेल तर तेही मोकळेपणानं मांडा, फक्त माणसांबद्दल बोलतोय हे ध्यानात ठेवून.

निशाचर

भावा, लई दिवसांनी कुणीतरी गोष्टीवर धागा काढला.

मी आधी गेमच्या अंगानं भांडतो. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये जवळपास कुठलाही सोबती आपल्या पात्राच्या प्रेमात पडू शकतो, ते पात्र पुरुष असो की बाई. खेळणाऱ्याला सोयीचं आहे, पण लिखाण म्हणून मला 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' जास्त दमदार वाटतो. 'ड्रॅगन एज २' मध्ये बायोवेअरनं जवळपास सगळ्यांना सगळे चालतील असं केलं होतं. 'इन्क्विझिशन' मध्ये प्रत्येकाची ओढ आधीच ठरलेली आहे. कॅसांड्राला पुरुषच आवडतात. सेराला बायकाच. डोरियनला पुरुषच. तुम्ही बाई म्हणून खेळत असाल तर डोरियन जिवाभावाचा मित्र होईल, त्यापलीकडे तुम्ही कितीही गोड बोला, जमायचं नाही. मला हे आवडतं, कारण मग त्याची ओढ ही त्याची असते. माझ्या मर्जीवर ती बदलत नाही.

डोरियनची जी मोहीम आहे ती तर प्रत्येकानं खेळावी. बापाचं पत्र येतं, रेडक्लिफच्या खानावळीत कुणी नोकर भेटायला येणार म्हणून. जाऊन बघतो तर बाप स्वतः उभा. मोठं घराणं, सोयरीक ठरलेली, वंश चालवायचा. पोरगा ऐकत नाही म्हणून बापानं रक्तजादूनं त्याचा स्वभावच बदलून टाकायचा घाट घातला होता. रक्तजादू वाईट हे त्याच बापानं पोराला शिकवलेलं. आणि बाप खलनायक म्हणून लिहिलेला नाही. थकलेला, अवघडलेला माणूस आहे, मी तुझ्या भल्यासाठीच केलं असं त्याला मनापासून वाटतंय. आपण डोरियनला तिथून चालतं व्हायला सांगू शकतो, किंवा थांबून बोलायला. हे पात्र लिहिणारे डेव्हिड गेडर स्वतः समलिंगी आहेत आणि त्या प्रसंगात ते जाणवतं.

आपल्याकडेही अशी रक्तजादू चालायची, अजूनही कुठं कुठं चालते. पोराला 'बरा' करायला डॉक्टरकडं न्यायचं, बाबाकडं न्यायचं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असले 'उपचार' म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन असं ठरवलं.

आणखी एक. 'इन्क्विझिशन' २०१४ मध्ये आला तेव्हा कंपनीनं भारतातली विक्रीच मागे घेतली होती. स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी, एवढंच कारण दिलं होतं. नेमकं कुठलं दृश्य, कुठलं कलम, काही सांगितलं नाही. पण तो काळ आठवा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सोडवलं होतं, ते कलम डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा लागू केलं होतं. गेम आला तेव्हा डोरियनसारखा माणूस इथं कायद्यानं गुन्हेगार होता.

ढालतलवार

धागा चांगला आहे, मत वेगळं आहे, म्हणून लिहितो.

गेममधल्या प्रेमकथांवर माझा आक्षेप नाही. 'विचर ३' मी दोनदा संपवलाय. व्हाइट ऑर्चर्डमधला तो शिकारी मिस्लाव्ह आठवतो का? गावाबाहेर एकटा राहतो, आणि का एकटा राहतो हे सहज बोलता बोलता सांगून जातो. सरदाराच्या मुलावर त्याचा जीव होता, दोघं सापडले, मुलानं गळफास घेतला, बाप दारूला लागला, याला हाकललं. दोन मिनिटांचं संभाषण असेल, अजून लक्षात आहे. कुणावर असा प्रसंग येऊ नये. ३७७ गेलं हे बरंच झालं.

पण लग्नाचा हक्क वेगळी गोष्ट आहे. 'स्कायरिम' मध्ये मारा देवीचा ताईत गळ्यात घालायचा, कुणालातरी विचारायचं, रिफ्टनच्या देवळात जायचं, झालं लग्न. पुरुष-पुरुष, बाई-बाई, कुणी काही विचारत नाही. बरोबर, कारण त्या लग्नाला पुढं काही नाहीच. रोज थोडी सोन्याची नाणी आणि गरम जेवण मिळतं. सासर नाही, भाऊबंदकी नाही, सातबारा नाही. आपल्याकडे लग्न दोन घरांचं होतं, भावकीचं होतं. समाज तयार नसताना वरून कायदा लादला तर त्या जोडप्यांनाच जास्त त्रास होईल. आणि लादायचा तर तो संसदेनं करावा, पाच न्यायाधीशांनी नव्हे. न्यायालयानं हेच म्हटलंय आणि मला ते पटतं.

गंगावेश

ढालतलवार, मिस्लाव्हची आठवण काढलीत, फार बरं वाटलं.

समाज तयार झाल्यावर कायदा, हे म्हणणं कोल्हापूरच्या माणसानं तरी करू नये असं मला वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. १९१९ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांना मान्यता देणारा कायदा केला. तेव्हा करवीर संस्थानातला समाज तयार होता का? वेदोक्ताच्या वादात खुद्द राजाला काय काय ऐकून घ्यावं लागलं हे आपण शाळेत शिकलोय. विठ्ठलभाई पटेलांनी दिल्लीच्या कायदेमंडळात हिंदूंमधल्या आंतरजातीय विवाहाचं विधेयक मांडलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मोठमोठी नावं होती, आणि महाराज त्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. पुढं त्यांनी आपल्याच घराण्यातल्या मुलीची सोयरीक इंदूरच्या होळकरांशी ठरवली. मराठा आणि धनगर. कायदा केला आणि आधी स्वतःच्या उंबऱ्यात पाळला.

भावकी, सातबारा, सासर यांचा मुद्दा तर माझ्याच बाजूनं जातो. 'स्कायरिम' मधल्या लग्नाला पुढं काही नसतं म्हणून तिथं हक्काचा प्रश्न येत नाही. खऱ्या आयुष्यात पुढं सगळं असतं. म्हणूनच ज्याला तो हक्क नाही त्याचं सगळंच अडतं.

आणि एक नोंद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला देशभर मान्यता दिली ती तारीख २६ जून २०१५. त्या दिवशी दसरा चौकात आपण शाहू जयंती साजरी करत होतो.

काळा_कोट

वकिली करतो, म्हणून निकालाबद्दल थोडं. बऱ्याच जणांच्या डोक्यात 'कोर्टानं नकार दिला' एवढंच बसलंय.

आधी ६ सप्टेंबर २०१८. नवतेज जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. मग सुप्रियो चक्रवर्ती आणि इतरांच्या याचिका आल्या. एप्रिल-मे २०२३ मध्ये सुनावणी झाली. मागणी मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्याबद्दल होती, कारण तो धर्माशी बांधलेला नाही. अडचण अशी की त्या कायद्यात पुरुषाचं वय २१, स्त्रीचं १८, पती, पत्नी असं जागोजागी लिहिलंय, आणि त्याचे धागे वारसा, घटस्फोट, पोटगी अशा कितीतरी कायद्यांत गेलेत.

निकालात पाचही न्यायाधीश दोन गोष्टींवर एक झाले. लग्न हा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय स्वतः शब्द घालणार नाही. मतभेद त्यापुढं होता. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले, अशा जोडप्यांच्या नात्याला, नागरी जोड (सिव्हिल युनियन) म्हणा, कायद्याची ओळख मिळण्याचा हक्क आहे. न्या. भट, कोहली आणि नरसिंह यांनी तेही नाकारलं. म्हणजे ३ विरुद्ध २. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मान्य केली: पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर आजच्या कायद्यांखालीच लग्न करू शकते. आणि हक्कांचा विचार करायला केंद्रीय कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं.

समितीनंतर २०२४ मध्ये थोडं हललं. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला, एकमेकांना नामांकित करायला आडकाठी नाही असं अर्थखात्यानं स्पष्ट केलं. शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले धरावं, जवळचा नातेवाईक नसेल तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी पत्रं राज्यांना गेली. ही सूचनापत्रं आहेत. त्यांच्या बळावर दिवाणी न्यायालयात वारस म्हणून उभं राहता येत नाही.

ढालतलवार, 'संसदेनं करावं' या म्हणण्याला कायद्याचा आधार आहे, ते मी खोडत नाही. पण संसदेत विषय आलाच नाही असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं. पती-पत्नीच्या जागी जोडीदार, दोघे पुरुष असतील तर वय २१, दोघी स्त्रिया असतील तर १८. मसुदा तयार होता. त्यावर चर्चा झाली नाही, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तसं ते बाद झालं.

पश्चिमघाट

इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, खाली लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

मी आणि माझा जोडीदार कोल्हापुरातच राहतो. उपनगरात फ्लॅट आहे. शेजाऱ्यांच्या लेखी आम्ही दोन मित्र, नोकरीमुळं एकत्र राहणारे. आमची ओळख एका गेमवरच झाली. 'मास इफेक्ट ३' मध्ये स्टीव्ह कॉर्टेझ म्हणून वैमानिक आहे. जहाजाच्या खालच्या मजल्यावर तो काम करत असतो आणि एकदा आपण खाली जातो तेव्हा एक ध्वनिमुद्रण ऐकत उभा असतो. त्याच्या नवऱ्याचं, हल्ल्यात मरण्याआधीचं. कॉर्टेझ 'माझा नवरा' असं साधेपणानं म्हणतो आणि ऐकणाऱ्या सेनाधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही.  २०१२ चा गेम. आपल्या दुःखाला नाव आणि नातं मिळतंय असं मी त्याआधी कुठंच बघितलं नव्हतं.

माझ्या जोडीदाराला पुण्याहून येताना अपघात झाला. एका खासगी दवाखान्यात नेलं. तातडीचे उपचार लगेच सुरू केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोक्याला मार होता, तो धड शुद्धीवर नव्हता, आणि मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया करायची होती. काउंटरवर अर्ज दिला. त्यात 'रुग्णाशी नाते' असा रकाना. मी 'मित्र' लिहिलं. बाईंनी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, रक्ताचं कोणी नाही का? मेडिक्लेमच्या कार्डाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. त्याला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे हे मला पाठ होतं. हप्ते माझ्या खात्यातून जातात. यातलं त्या रकान्यात काही बसत नव्हतं. त्याच्या भावाला फोन केला. तो गडहिंग्लजहून येईपर्यंत सही थांबली. या दोघा भावांचं बोलणं आमच्यावरूनच बंद झालेलं होतं. भाऊ आला, सही केली, माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरून गेला.

पाय बरा झाला. आता तो गाडी चालवतो.

ढालतलवार, समाज तयार नसताना कायदा आला तर आम्हाला त्रास होईल असं तुम्ही लिहिलंत. तुमची काळजी खरी असेल. पण त्या काउंटरवर मला समाजाची परवानगी नको होती. एक कागद हवा होता.

सुमनमावशी_राजारामपुरी

मी निवृत्त शिक्षिका. भाचीनं मला 'स्टार्ड्यू व्हॅली' लावून दिली, तेव्हापासून दुपारी तासभर शेती करतो. (कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) त्या गावातल्या बाराजणांतलं कुणाशीही लग्न करता येतं. माझी भाची त्यात मुलगी म्हणून खेळते आणि तिनं लिआशी लग्न केलंय. दोघी एकाच घरात राहतात, सकाळी उठून एक गाईंना चारा घालते, एक झाडांना पाणी घालते. मी बघत बसतो. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

पश्चिमघाट बाळा, तुझं वाचून जीव तुटला.

मला एक सांगायचं आहे. आपण कोल्हापूरची माणसं ओढ्यावरच्या यल्लमाला आंबील यात्रेला जातो. जोगत्यांच्या (देवीला वाहिलेल्या पुरुषांच्या) डोईवर जग, म्हणजे देवीची टोपली, असतो, साडी नेसलेले असतात, आपण त्यांच्या पाया पडतो, परडीत जोगवा घालतो. देवीशी त्यांचं लग्न लागलेलं असतं हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपल्याला ते मान्य आहे. त्यांचा प्रश्न आणि समलिंगी जोडप्यांचा प्रश्न वेगळा आहे, मी दोन्ही एक करत नाही. पण 'आपल्या परंपरेत असलं काही नाही' असं कुणी म्हणायला लागलं की मला त्या परड्या आठवतात. देवळात ज्याच्या पाया पडतो त्याला भाड्यानं खोली द्यायची म्हटलं की आमच्याच गल्लीत दारं लागतात. ही लबाडी आहे, आणि मला तिचा राग येतो.

ढालतलवार

पश्चिमघाट, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. त्या दवाखान्यातल्या प्रकाराला मी कुठंही बाजू घेऊन उभा राहणार नाही. दवाखाना, बँक, नामांकन, वारसा, हे सगळं मिळालं पाहिजे, ताबडतोब मिळालं पाहिजे. दोन न्यायाधीशांनी नागरी जोड म्हटली तसं काही असेल तर माझा पाठिंबा.

लग्न म्हणून मात्र मला अजून पटत नाही. लग्नाला माझ्या लेखी एक धार्मिक अर्थ आहे, आणि मी तो सोडून द्यावा असं मला वाटत नाही. आणि मुलांचा प्रश्न राहतोच. दत्तक मूल स्वतःहून काही निवडत नाही.

मोरपीस

मुलांच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण दत्तक प्रक्रियेतून आम्ही नवरा-बायको गेलोय.

मावशी, तुमच्या भाचीच्या शेतावर थोड्या दिवसांनी मूल येईल. 'स्टार्ड्यू व्हॅली' मध्ये दोघं एकाच लिंगाचे असतील तर मूल दत्तक येतं. जोडीदार विचारतो, आपण हो म्हणायचं, आणि एका सकाळी घरात पाळणा. आपल्याकडं २०२२ च्या दत्तक नियमांनुसार जोडप्याला मूल हवं असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. लग्नच नोंदवता येत नाही, तर दोन वर्षं मोजणार कुठून?

पण एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येतं. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. म्हणजे एका घरात दोन बाया राहत असतील तर त्यांतली एक कायद्यानं आई होऊ शकते, आजही. दुसरी त्या मुलाला रोज शाळेत सोडेल, ताप आला तर रात्र जागेल, आणि कागदावर त्या मुलाची कुणीच नसेल. पहिलीला काही झालं तर त्या मुलाला एका झटक्यात दोन्ही आया गमवाव्या लागतील. ढालतलवार, मूल निवड करत नाही हे अगदी खरं. म्हणूनच त्याच्या डोक्यावर दोन माणसांची कायदेशीर जबाबदारी असावी असं मला वाटतं. आमच्या गृहभेटीला ज्या ताई आल्या होत्या त्यांनी आमचं उत्पन्न बघितलं, तब्येत विचारली, घरात खेळायला जागा आहे का बघितलं, घरातली म्हातारी माणसं राजी आहेत का विचारलं. यातला कुठला प्रश्न दोन बायकांना विचारता येत नाही?

निशाचर

मोरपीस ताई, नेमकं लिहिलंत.

ढालतलवार भावा, धार्मिक अर्थाबद्दल. मागणी विशेष विवाह कायद्यापुरती होती. तिथं भटजी नाही, सप्तपदी नाही. निबंधकाच्या कचेरीत ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सही. तुझ्या लग्नाचा विधी, त्याचा अर्थ, कुणी हात लावत नाही. मी स्वतः आळंदीला लग्न केलंय, माझ्या लग्नाला यानं काय उणेपण येणार आहे?

काळा_कोट

पश्चिमघाट, तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवलाय, पण इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथं लिहितो. कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही.

मृत्युपत्र दोघांनीही करा आणि नोंदवून घ्या. ते नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पुरुषाची मालमत्ता आधी आई, मुलं, विधवा यांच्याकडं जाते, जोडीदार त्या यादीत कुठंच नाही. नुसतं नामांकन पुरेसं धरू नका. नामांकित माणूस मालक होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलंय.

फ्लॅट घेताना दोघांची नावं खरेदीखतातच घाला. नंतर बक्षीसपत्र करायला गेलात तर फरक बघा: महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. तुम्ही जोडीदाराला दिलंत तर परक्या माणसासारखं पूर्ण शुल्क. वर आयकर. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली की ती उत्पन्नात धरली जाते, जोडीदार पती किंवा पत्नी असेल तर नाही.

आजारपणासाठी दोन कागद. आगाऊ वैद्यकीय निर्देश: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तो आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या उपचारांसाठी आहे, हाडाच्या शस्त्रक्रियेला तो लागू होत नाही, पण आपला माणूस कोण हे त्यात लिहून ठेवता येतं. दुसरा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नामनिर्देशित प्रतिनिधी कुणालाही नेमता येतो, तो नातेवाईकच पाहिजे असं नाही.

एवढे कागद करून जे मिळतं ते लग्न झालेल्याला एका नोंदणीत मिळतं, आणि तरीही हे कागद त्याची पुरी जागा घेत नाहीत. कौटुंबिक निवृत्तिवेतन, पोटगी, एकत्र दत्तक, यांना पर्यायी कागदच नाही. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलंय की कुटुंब उभं करायला लग्न हा एकमेव मार्ग नाही. चांगलं म्हटलंय. पण तो निकाल निवृत्तिवेतनाच्या अर्जाला जोडून चालत नाही.

पश्चिमघाट

काळा कोट साहेब, मनापासून आभार. मृत्युपत्राचं आम्ही बरीच वर्षं पुढं ढकलत होतो. या महिन्यात करतो. मावशी, तुम्ही 'बाळा' म्हणालात ते त्यालाही वाचून दाखवलं.

निशाचर, डोरियनला मी बापाशी बोलायला थांबवलं होतं. माझ्या जोडीदारानं चालतं व्हायला सांगितलं होतं. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

गंगावेश

पुढं काय करायचं ते ठरवूया. माझी सूचना: कोल्हापूर जिल्ह्यातून लोकसभेत दोन खासदार जातात, कोल्हापूरचे आणि हातकणंगल्याचे. दोघांना पत्र लिहूया. कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपती महाराज आहेत. १९१९ चा कायदा ज्या गादीनं केला त्या गादीच्या वारसाला त्याची आठवण करून द्यायचा हक्क इथल्या मतदारांना आहे असं मला वाटतं. पत्रात चार मागण्या ठेवतोय: दवाखान्यात जोडीदाराच्या सहीला कायद्यानं मान्यता, वारसा आणि निवृत्तिवेतन, एकत्र दत्तक, आणि विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती. मसुदा काळा कोट तपासतील.

ढालतलवार

पहिल्या दोन मागण्यांवर माझी सही धरा, नाव-पत्त्यासकट. दत्तकावर मोरपीस ताईंचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही, पण सही करण्याइतकं पटलेलंही नाही. चौथीवर माझा नकार कायम. चार मागण्यांची चार पानं वेगळी केलीत तर माझ्यासारखे आणखी काहीजण पहिल्या दोनवर सही करतील. माझ्या तालमीतले पाच-सहा तरी मी स्वतः विचारून आणतो.

काळा_कोट

चार पानं वेगळी करतो. चौथ्या पानावर कमी सह्या आल्या तरी ते पान पाठवायचंच, हे गंगावेश तुम्ही आत्ताच मान्य करा.

गंगावेश

मान्य. चौथ्या पानावरची पहिली सही माझी. मसुदा रविवारी इथंच टाकतो, दुरुस्त्या असतील त्यांनी खाली लिहा.